वडाभाताचे वडे: डाळ भिजवण्यापासून फोडणीच्या तेलापर्यंत

डाळीचे वडे बिघडतात ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. मसाला कमी-जास्त झाला तर वडा फार तर अळणी किंवा झणझणीत होईल. पाणी चुकलं तर मात्र तो कढईत फुटतो, तेल पितो, नाहीतर वरून तांबूस दिसतो आणि आतून कच्चा निघतो. डाळ किती वेळ भिजली, तिच्यातलं पाणी किती निथळलं, वाटताना वरून किती घातलं आणि मीठ-कांद्याने नंतर किती सोडलं, या चार जागा सांभाळल्या की बाकी काम सोपं आहे. म्हणून या लेखात मसाल्यापेक्षा पाण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

भिजवलेली कच्ची डाळ भरडून तळायची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. तमिळनाडूत हरभरा डाळीत बडीशेप आणि कांदा घालून मसाल वडै करतात. केरळात चहाच्या टपरीवर परिप्पु वडा मिळतो. अहमदाबादेत पाऊस पडला की मुगाच्या दाळवड्यांच्या गाड्यांवर गर्दी होते, सोबत तळलेली मिरची आणि चिरलेला कांदा. कोलंबोत वड्यावर अख्खी कोळंबी बसवून तळतात. इजिप्तमधला तामिया बाकला या शेंगेच्या दाण्यांचा असतो, पण तंत्र तेच. मी इथे नागपूर-वर्धा भागातल्या वडाभातासाठी, म्हणजे गरम भातावर कुस्करून वरून फोडणीचं तेल घालून खायला, करतात ते मिश्र डाळींचे वडे घेतले आहेत, कारण त्यांत प्रत्येक डाळीचं काम वेगळं कळतं. हे जमले की बाकीचे वडे आपोआप जमतात.

कोणती डाळ कशासाठी

वीसेक वड्यांसाठी, म्हणजे चार माणसांच्या जेवणासाठी, हे माप धरा. वाटी म्हणजे जिच्यात साधारण १५० ग्रॅम हरभरा डाळ मावते ती.

- हरभरा डाळ १ वाटी
- तुरीची डाळ अर्धी वाटी
- मुगाची डाळ (सालीची किंवा बिनसालीची) पाव वाटी
- उडदाची डाळ पाव वाटी
- मटकीची डाळ पाव वाटी

हरभरा डाळ वड्याला अंग देते, दाताखाली येणारे दाणे तिचेच. तुरीमुळे वडा खुसखुशीत होतो. पण नुसत्या तुरीचा वडा कोरडा पडतो आणि घास लागल्यासारखा होतो, म्हणून ती अर्ध्यावरच ठेवायची. मूग हलकेपणा आणतो. उडीद हा या मिश्रणातला डिंक आहे. वाटल्यावर तो चिकट होतो आणि बाकीच्या भरड दाण्यांना धरून ठेवतो. वडे फुटतात म्हणून काहीजण उडीद वाढवत नेतात आणि शेवटी मेदूवड्याच्या जवळ जातात. तसा वडा मऊ होतो आणि भातावर कुस्करला की त्याचा लगदा होतो. पाव वाटी पुरे.

मटकीच्या डाळीला विदर्भात मोठाची डाळ म्हणतात. पुण्या-मुंबईत ती सगळीकडे मिळत नाही. नसेल तर मूग अर्धी वाटी घ्या. चवीत फरक पडेल, वड्यात नाही.

पूर्व विदर्भातल्या जुन्या घरांमध्ये लाखोळीच्या डाळीचे वडे होत आणि अजूनही होतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोळी फेकून पेरतात आणि उरलेल्या ओलीवर ती येते. तिच्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं. दुष्काळात महिनोन्महिने दुसरं काही न मिळाल्याने लाखोळीवरच राहिलेल्या माणसांचे पाय लुळे पडत. त्यामुळेच १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली गेली. कधीमधी चार वडे खाणं आणि रोज तेच मुख्य अन्न असणं या फार वेगळ्या गोष्टी आहेत. ती वापरायचीच असेल तर भरपूर गरम पाण्यात भिजवा, पाणी दोन-तीनदा बदला आणि ते ओतून द्या. माझ्या मापात ती धरलेली नाही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथल्या सुपरमार्केटमध्ये पिवळी, गोलसर डाळ मिळते. ती बहुधा वाटाण्याची असते. दिसायला हरभरा डाळीसारखी असली तरी ती लवकर भिजते आणि जास्त पिठूळ होते. तिचे वडे वाईट होत नाहीत, पण भिजवायचा वेळ तासाभराने कमी करा. भारतीय किराण्याच्या दुकानातून घेत असाल तर पाकिटाची तारीख बघा. डाळ जुनी झाली की कितीही भिजवली तरी मधला भाग टणक राहतो आणि तळल्यावर तो खड्यासारखा दाताखाली येतो.

भिजवणं

डाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा. पॉलिश केलेल्या डाळीवर आणि उडदावर पिठी असते, ती गेली पाहिजे. मग हरभरा आणि तूर एका भांड्यात, मूग, उडीद आणि मटकी दुसऱ्या भांड्यात भिजत घाला. पाणी डाळीच्या वर चार बोटं असावं. एकाच भांड्यात सगळं टाकलं तर हरभरा डाळ भिजेपर्यंत मूग नको इतका फुगतो. दुसरं भांडं ठेवायचा कंटाळा असेल तर हरभरा-तूर आधी भिजवा आणि दीड तासाने उरलेल्या डाळी त्याच भांड्यात टाका.

हरभरा डाळीला उन्हाळ्यात अडीच ते तीन तास आणि थंडीत चार तास लागतात. रात्रभर अजिबात नको. इडलीच्या सवयीने लोक संध्याकाळी डाळ भिजवून झोपतात आणि सकाळी तिला आंबूस वास येतो. नागपूरच्या मे महिन्यात तर माठाबाहेरचं पाणीच कोमट असतं, तिथे पाच तासांतही फेस दिसायला लागतो. वास आला तर ती डाळ वड्यांच्या कामाची नाही. तिचं धिरडं करा.

घड्याळापेक्षा दाणा बघा. हरभरा डाळीचा एक दाणा घेऊन नखाने दाबा. तो सरळ तुटायला हवा, पण मधोमध किंचित फिकट, कोरडी रेघ दिसली तर उत्तम. चावून बघितला तर कच लागावी, टणक लागू नये. पूर्ण तुडुंब भिजलेली डाळ वाटली की तिचं पाणी मिश्रणात उतरतं. थोडी कच राखलेली डाळ तळताना उरलेलं पाणी स्वतः ओढून घेते.

घाई असेल तर कोमट पाण्याने वेळ कमी करता येतो. उकळतं पाणी ओतू नका, कारण मग डाळीचा बाहेरचा थर शिजायला लागतो. शिजलेल्या डाळीला चिकटपणा राहत नाही. कच्च्या डाळीतली पिठूळ द्रव्यं आणि प्रथिनं गरम तेलात पहिल्यांदाच फुगतात आणि घट्ट होतात, त्यानेच वडा बांधला जातो. ते काम आधीच होऊन गेलं असेल तर कढईत फक्त चुरा तरंगतो. उरलेल्या वरणाच्या गोळ्यात मसाला घालून वडे करता येतील असं वाटतं खरं. तसे करायचे असतील तर त्यांत भरपूर पीठ मिसळावं लागतं आणि तो पदार्थ वेगळा होतो.

निथळणं

या पायरीला कुणी वेळ देत नाही. डाळ चाळणीत ओतून किमान अर्धा तास तशीच राहू द्या आणि मध्ये दोनदा हाताने खालवर करा. मग सुती पंचावर पसरा आणि पंचाने वरून टिपून घ्या. हातात मूठभर डाळ घेऊन दाबली तर तळवा ओलसर व्हावा, पण बोटांतून थेंब पडू नये.

पंचावरून डाळ उचलण्याआधी हरभरा डाळीची एक मूठ बाजूला काढून ठेवा. ती वाटायची नाही.

वाटणं

आधी कोरड्या भांड्यात मसाला फिरवा: ५-६ हिरव्या मिरच्या, इंचभर आलं, ८-१० लसूण पाकळ्या आणि दीड चमचा जिरं. चमचा म्हणजे इथे सगळीकडे चहाचा. मसाला आधी वाटायचं कारण असं की नंतर डाळीबरोबर टाकला तर मिरचीचे तुकडे राहतात आणि ते बारीक करायच्या नादात डाळीचं पीठ होतं. नैवेद्याला वडे असतील तर लसूण वगळा आणि आलं वाढवा. विदर्भात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. त्यांच्या जेवणात पुरणपोळी, आंबील आणि कढीबरोबर असे वडे असतात, आणि त्यांत कांदा-लसूण नसतो.

आता डाळ. मिक्सरचं लहान, चटणीचं भांडं घ्या. एका वेळी भांड्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त डाळ टाकू नका. बटण सलग चालू ठेवायचं नाही. दोन सेकंद फिरवा, थांबा, झाकण काढून कडेची डाळ चमच्याने खाली ढकला, पुन्हा फिरवा. पाणी घालायचं नाही. पाती अडली की हात पाण्याकडे जातो, तेव्हा पाण्याऐवजी भांडं हलवा किंवा थोडी डाळ बाहेर काढा. अगदीच फिरेना तर एक चमचा पाणी, त्यावर नाही.

वाटणाचं प्रमाण असं ठेवा. हरभरा आणि तूर जाडसर, म्हणजे दाण्याचे तीन-चार तुकडे झालेले दिसतील इतपत. मूग-उडीद-मटकीचं वाटण त्याहून बारीक, पण तेही गंधासारखं नको. दोन्ही एकत्र केल्यावर मिश्रणात तीन गोष्टी दिसायला हव्यात: चिकट वाटण, जाड भरड आणि बाजूला काढलेली अख्खी डाळ. बारीक वाटण वड्याला बांधतं, भरडीमुळे तो कुरकुरीत होतो, अख्खा दाणा मध्येच टचकन लागतो. सगळं एकसारखं बारीक झालं तर वडा बाहेरून कडक आणि आतून गिच्च होतो. सगळंच जाड राहिलं तर तो बांधला जात नाही.

घरी पाटा-वरवंटा असेल तर त्यावर वाटलेल्या डाळीची सर मिक्सरला येत नाही. वरवंट्याखाली डाळ दबते आणि फुटते, मिक्सरचं पातं ती कापतं आणि गरमही करतं. पण इतक्या डाळीला पाट्यावर चांगला पाऊण तास लागतो आणि कोपरं भरून येतात, त्यामुळे कुणाला आग्रह करणार नाही. फूड प्रोसेसर असेल तर मिक्सर विसरा. त्याचं रुंद भांडं आणि हळू पातं याच कामाला योग्य आहे.

मसाला आणि मीठ

वाटलेल्या डाळीत हे घाला:

- तिखट १ चमचा
- हळद अर्धा चमचा
- हिंग अर्धा चमचा
- ओवा अर्धा चमचा, तळहातावर चोळून
- धणे १ चमचा, जाडसर कुटलेले
- तीळ २ चमचे
- कढीपत्त्याची ७-८ पानं, बारीक चिरून
- सांभार, म्हणजे कोथिंबीर, मोठी मूठभर चिरून
- बाजूला ठेवलेली अख्खी डाळ

कोथिंबीर धुतली असेल तर पूर्ण कोरडी करून चिरा. तिच्या पानांतून येणारं पाणी कमी नसतं. मेथीच्या किंवा पालकाच्या हंगामात एक मूठ पालेभाजीही चालते, तीही कोरडीच.

गरम मसाला मी घालत नाही. लवंग-दालचिनीच्या वासाखाली डाळीची चव दबते, आणि पाच डाळी जमवून त्यांची चव दाबण्यात अर्थ नाही.

मीठ दीड चमचा, पण ते शेवटी. मीठ लागलं की डाळ आणि कोथिंबीर पाणी सोडायला लागतात. म्हणून तेल तापत ठेवल्यावरच मीठ घाला. पाहुणे यायचे असतील आणि तयारी आधी करायची असेल तर बिनमिठाचं मिश्रण झाकून फ्रीजमध्ये ठेवा, चार-पाच तास चांगलं राहतं. वीस वडे चार-पाच घाण्यांत तळायचे असतात, म्हणून मिश्रणाचे दोन भाग करून प्रत्येकात वेळेवर अर्धं अर्धं मीठ मिसळलं तरी चालतं.

कांदा वडाभाताच्या वड्यांत सहसा नसतो, कारण तो पानात कच्चा वाढलेला असतो. नुसते चहाबरोबर खायला वडे करत असाल तर एक मध्यम कांदा बारीक चिरून घाला, तोही मिठाबरोबर शेवटीच. कांदा घातलेलं मिश्रण ठेवून देऊ नका, दहा मिनिटांत त्याला पाणी सुटतं.

मिसळताना हात वापरा आणि मिनिटभर एकाच दिशेने फेटल्यासारखं करा. उडदाचं वाटण त्याने हलकं होतं. इनो किंवा खाण्याचा सोडा नको. सोड्याने वडा फुलतो खरा, पण तेल जास्त ओढतो आणि गार झाला की मागे साबणासारखी चव राहते.

एक वडा आधी

सगळे वडे थापून ठेवू नका. आधी एकच लहान वडा तळा. तो फुटला नाही, मीठ बरोबर आहे आणि आत कच्चेपणा नाही एवढं कळलं की पुढचे थापायला घ्या. कच्ची डाळ चाखून मिठाचा अंदाज येत नाही, तळल्यावर ते वेगळं लागतं.

वडा तेलात विरायला लागला तर मिश्रण सैल आहे. अशा वेळी त्यातलं मूठभर मिश्रण काढून मिक्सरमध्ये बारीक वाटा आणि परत मिसळा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं, कारण बांधणारा भाग वाढतो आणि चव बदलत नाही. त्यानेही झालं नाही तर एक-दोन चमचे तांदळाचं किंवा ज्वारीचं पीठ घाला. बेसन शेवटचा उपाय. बेसनाने वडा भज्याकडे झुकतो.

उलटही होतं. वडा तुटत नाही पण कडेला भेगा पडतात आणि तळल्यावर टणक लागतो, म्हणजे मिश्रण कोरडं आहे. त्यात चमचाभर दही किंवा पाणी शिंपडा.

थापणं

जुन्या घरांत वडे पळसाच्या पानावर थापत. पान गुळगुळीत असतं, ओलं केलं की वडा सुटतो, आणि विदर्भात त्याचा तोटा नाही. शहरात केळीचं पान, दुधाच्या पिशवीचा स्वच्छ धुतलेला तुकडा किंवा ओला सुती कपडा यांपैकी काहीही चालेल. हात ओला करून लिंबापेक्षा थोडा मोठा, म्हणजे साधारण ३५ ग्रॅमचा गोळा घ्या आणि बोटांनी दाबत तळव्याएवढा नाही, त्याच्या निम्मा करा. जाडी सेंटिमीटरभर. मधे बोटाने भोक पाडा.

भोक दिखाव्यासाठी नाही. वड्याचा मध्य सगळ्यात शेवटी शिजतो, कच्च्या डाळीचा वास तिथेच राहतो. भोकातून तेल आत गेलं की तो भाग दोन्ही बाजूंनी शिजतो. नुसत्या हरभरा डाळीचे चपटे वडे करताना भोक नसलं तरी भागतं, कारण ते तसेही पातळ थापतात. कडा मात्र सफाईदार गोल करू नका. खडबडीत कडेला जास्त कुरकुरीतपणा येतो.

पान डाव्या हातावर उपडं करून वडा उजव्या हाताच्या बोटांवर घ्या आणि कढईच्या कडेने तेलात सोडा. वरून टाकू नका. ओल्या हाताने तेल उडतं, म्हणून बोटं आधी कपड्याला पुसा.

तळणं

शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं रिफाइंड तेल घ्या. विदर्भात जवसाचं तेल घरोघरी असायचं आणि भातावर त्याची धार छान लागते, पण तळायला ते घेऊ नका. ते लवकर धुरावतं आणि कडवट होतं. कढईत तेलाची खोली तीन बोटं तरी असावी. तेल कमी असलं की प्रत्येक वडा सोडताना ते थंड पडतं.

तेल १७० अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर मिश्रणाचा हरभऱ्याएवढा तुकडा टाका. तो तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत शांतपणे वर आला तर तेल बरोबर. तळालाच बसून राहिला तर थंड. न बुडता लगेच वर येऊन तांबूस झाला तर फार तापलेलं.

एका वेळी चार-पाच वडे, त्यांत अंतर ठेवून. पहिलं मिनिटभर झारा लावू नका. खालची बाजू धरेपर्यंत वडा अजून कच्चा असतो आणि झाऱ्याच्या धक्क्याने फुटतो. तो स्वतः तरंगायला लागला की उलटा. मग आच मध्यमपेक्षा थोडी खाली आणा आणि उलटसुलट करत चार ते पाच मिनिटं तळा. शेवटच्या अर्ध्या मिनिटात आच पुन्हा वाढवायची. त्याने वड्यात शिरलेलं तेल बाहेर पडतं आणि वरचा थर कोरडा होतो. बुडबुडे कमी झाले की वड्यातलं बरंचसं पाणी गेलं असं समजा.

काढलेले वडे कागदावर एकावर एक रचू नका. जाळीवर किंवा चाळणीत उभे ठेवा. झाकण तर अजिबात नाही, कोंडलेल्या वाफेने पाच मिनिटांत वडा नरम पडतो. पंगत मोठी असेल तर वडे आधी फिक्या रंगावर तळून काढा आणि वाढायच्या वेळी कडक तेलात मिनिटभर पुन्हा तळा. दोनदा तळलेला वडा एकदाच तळलेल्यापेक्षा जास्त वेळ कुरकुरीत राहतो.

एअर फ्रायरमध्येही हे होतात. वडे पातळ थापा, दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावा आणि १८० अंशांवर पंधरा-सोळा मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा. खायला बरे लागतात, पण बाजूंना कोरडे पडतात आणि भातावर कुस्करल्यावर तो तेलकट खमंगपणा येत नाही. रोजच्या डब्यासाठी आप्पेपात्र मला त्यापेक्षा बरं वाटतं. प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तेल, झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटं, उलटून झाकणाशिवाय आणखी पाच.

वडाभात

भात मोकळा हवा, पण फडफडीत नाही. भंडाऱ्याचा चिन्नोर मिळाला तर त्याच्या वासाने अर्धं काम होतं. नाहीतर रोजचा कोणताही जुना तांदूळ. बासमती नको, लांब कोरडी शितं वड्याच्या चुऱ्याला धरत नाहीत.

वडे तळून होत आले की फोडणीचं तेल करायला घ्या. चार जणांना अर्धी वाटी तेल. आकडा वाचून दचकू नका, या भाताला वरण नसतं, ओलावा याच तेलाचा. लहान कढईत तेल तापवा, चमचाभर मोहरी तडतडू द्या. मग ठेचलेल्या ८-१० लसूण पाकळ्या टाका आणि आच कमी करा. लसणाच्या कडा तांबूस झाल्या की चार-पाच सुक्या लाल मिरच्या मोडून टाका. त्या फुगल्या की लगेच गॅस बंद. अर्धा चमचा हिंग आणि चिमूटभर हळद गॅस बंद केल्यावरच टाका, नाहीतर हिंग जळतो आणि हळद काळवंडते. मिरची भिवापूरची असेल तर दोनच घ्या. नागपूर जिल्ह्यातल्या या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचा तिखटपणा पहिल्या घासाला कळत नाही, तिसऱ्याला कळतो.

आता पानात वाफाळता भात, त्यावर दोन वडे हातानेच कुस्करायचे. फार बारीक चुरा करू नका, बोराएवढे तुकडे राहू द्या. वरून गरम तेल, त्यातल्या लसणा-मिरचीसकट, मग लिंबू. लगेच कालवून खायचं. थांबलं की वडा भाताची वाफ ओढून मऊ पडतो. बाजूला पातळ कढी किंवा चिंचेचं सार आणि कच्चा कांदा. इतक्या डाळीला आणि तेलाला आंबट काहीतरी लागतंच. तिसरा वडा अख्खा, तोंडी लावायला.

उरलेलं

मिश्रण उरलं तर मीठ न घातलेला भाग फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतो. वापरायच्या आधी चाळणीत दहा मिनिटं ठेवा, खाली पाणी साठलेलं दिसेल. गोठवायचं असेल तर मिश्रण नको, फिक्या रंगावर तळलेले वडे गार करून डब्यात एका थरात गोठवा. महिनाभर राहतात. बाहेर काढून न वितळवता थेट मध्यम तापलेल्या तेलात टाका.

तळलेले वडे दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम केले तर रबर होतात. ओव्हनमध्ये किंवा तव्यावर झाकण न ठेवता गरम करा. किंवा त्यांचा रस्सा करा. कांदा-खोबरं भाजून वाटण लावा, पातळ रस्सा उकळा, गॅस बंद करा आणि वाढायच्या दहा मिनिटं आधी वडे त्यात सोडा. उकळत्या रश्शात सोडले तर ते विरघळतात. कढीतही तसेच, आणि तिथे तर शिळे वडे ताज्यापेक्षा बरे, कारण ते आतून कोरडे झालेले असतात आणि कढी शोषूनही आकार धरून राहतात.